काळी, पांढरी आणि माळ

(सावेडी, अहिल्यानगर येथे झालेल्या स्मृतिव्याख्यानाचं शब्दांकन)



आज आपण जिथे खुर्च्या मांडून बसलो आहोत, तिथे माझ्या लहानपणी कुसळीचं गवत होतं. फार उंच नाही, गुडघ्याएवढं. दिवाळी झाली की ते तांबूस पडायचं आणि त्यातून चालत शाळेत गेलं की चड्डीची शिवण न् शिवण कुसळांनी भरायची. संध्याकाळी आई ओट्यावर बसून ती एकेक करून वेचायची आणि वेचताना माळाला दोन शब्द सुनवायची. रोज आणि मनापासून.

गुरुजी आम्हाला भूगोल शिकवायचे. या व्याख्यानाला ज्यांचं नाव दिलं आहे ते आमचे गुरुजी. आपल्या नावाचा फार उच्चार झालेला त्यांना आवडत नसे, म्हणून मी त्यांना गुरुजीच म्हणणार आहे. सहावीत ‘गवताळ प्रदेश’ हा धडा आला. उत्तर अमेरिकेत प्रेअरी, दक्षिण अमेरिकेत पंपास, युरेशियात स्टेप, ऑस्ट्रेलियात डाउन्स. आम्ही ते घोकून पाठ केलं. गुरुजींनी वर्गात विचारलं, “आणि सावेडीत?” कुणी बोलेना. मग एका मुलाने भीत भीत सांगितलं, “सावेडीत काय नाही गुरुजी, नुसता माळ आहे.”

त्यावर ते रागावले नाहीत. त्यांनी सगळ्या वर्गाला उठवलं आणि शाळेमागे माळावर आणलं. एक पिकलेलं कुसळ तोडून आपल्या तळहातावर ठेवलं, फिरकीच्या तांब्यातून त्यावर दोन थेंब पाणी सोडलं आणि म्हणाले, “आता बघत राहा.” आम्ही चाळीस पोरं त्या हाताभोवती गोळा झालो. कुसळाची पीळ पडलेली काळी शेपटी हलली. मग सावकाश फिरायला लागली, जणू कुणी न दिसणारा हात ती उलगडत होता. थोड्या वेळाने उन्हाने पाणी सुकलं, तशी ती पुन्हा उलटी पिळवटली.

“रात्री दव पडतं, दिवसा ऊन पडतं,” गुरुजी म्हणाले. “या पिळाने हे बी स्वतःच जमिनीत स्क्रूसारखं शिरतं. टोकाला मागे वळलेले केस आहेत, त्यामुळे एकदा आत गेलं की बाहेर येत नाही. तुमच्या चड्डीत शिरतं ते याच कारणाने. त्याला ती जमीन वाटते.” मग त्यांनी पुस्तकातली एक ओळ आम्हाला पेन्सिलीने खोडायला लावली. आपल्या भागाविषयीच्या धड्यात ती होती. माळ म्हणजे ‘पडीक जमीन’, असं तिथे लिहिलेलं होतं.

मला आज जे सांगायचं आहे ते त्या खोडलेल्या ओळीविषयीच आहे.

आपल्या खेड्याची जुनी मांडणी दोन शब्दांत सांगता येते: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. काळीला आपण आई म्हणतो. पांढरीत गावाची देवळं, पार, चावडी. गावाचे हक्क, मानपान, बलुतं सगळं या दोघींत वाटलेलं. पण नगर तालुक्यात, पारनेरला, श्रीगोंद्याला, कर्जतला, जामखेडला गावाबाहेर पाऊल टाकलं की तिसरी जमीन लागते. ती काळी नाही, कारण मुरमावर चार बोटं माती. पांढरीही नाही, कारण तिथे वस्ती नाही. तोच माळ. गायरान, कुरण, बरड ही त्याचीच नावं. या तिसरीला मात्र आई म्हणणारे धनगर आणि गुराखी सोडले तर फार कुणी नाही.

हा जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सगळ्यात मोठा, १७ हजार चौरस किलोमीटरांहून अधिक. त्याचे सरळ दोन भाग पडतात. उत्तरेला प्रवरा, मुळा, गोदावरीचे कालवे, ऊस, प्रवरानगरचा पहिला सहकारी साखर कारखाना. दक्षिणेला सह्याद्रीच्या पावसाच्या सावलीतला मुलूख, वर्षाला जेमतेम ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. उत्तर नगरवर ग्रंथ लिहिले गेले आणि ते लिहायलाच हवे होते. दक्षिण नगर बहुधा दुष्काळाच्या बातमीत येतं. पण त्या तुटपुंज्या पावसावर जी सृष्टी हजारो वर्षं सुखाने नांदत होती, ती गवताची होती. पवन्या, मारवेल, कुसळी. पाऊस कमी पडला तर गवत बुटकं राहतं, पण मुळं जित्ती असतात. १९७२ च्या दुष्काळात मी लहान होतो. आईबरोबर खडी फोडायच्या कामावर जायचो, सुकडी खायचो. माळ त्या वर्षी करपून करड्या कातड्यासारखा दिसायचा. पण पुढच्या पावसाळ्यात पहिल्या दोन सरी झाल्या आणि आठवड्याच्या आत ठोंबांना हिरवे कोंब आले. शेतात त्या वेळी अजून पेरणीही झालेली नव्हती. गावातल्या उरल्यासुरल्या शेळ्या जगल्या त्या या कोंबांवर.

आता सावेडीकडे येतो. भिस्तबाग चौकातून आपण रोज जातो. ‘भिस्त’ म्हणजे बेहेश्त, स्वर्ग. अहमद निजामशहाने १५०६ साली इथे बाग घातली, हश्त-बेहेश्त, आठ स्वर्गांची बाग. अष्टकोनी तळं आणि मधोमध महाल. तळं आज कोरडं आहे, महाल उभा आहे. मी दर वेळी तिथे गेलो की एकच विचार करतो: त्या माणसांना स्वर्ग उभारायला माळच का सापडला? उत्तर त्यांच्या नळांत आहे. कापूरवाडी, भिंगार, नेप्ती, शेंडी अशा गावांच्या नावांनी ओळखले जाणारे खापरी नळ जमिनीखालून डोंगरउताराने शहराकडे आणलेले होते, अंतराअंतरावर हवा सुटायला बांधलेले उच्छ्वास होते. पाणी कुठे पाझरतं, कुठे मुरतं, किती उतार लागतो, हे त्यांनी माळ पायाखाली घालून शिकून घेतलं होतं. बागेला पाणी आणलं, पण भोवतीचा माळ त्यांनी माळच ठेवला. फौजेचे घोडे कशावर जगणार? निजामशाहीचं घोडदळ, पुढे मराठ्यांचं घोडदळ, दोन्ही गवतावर चाललेलं आहे. वैरणीच्या कुरणांशिवाय दख्खनचा इतिहास घडलाच नसता. किल्ल्याच्या भिंतींवर आपण पुस्तकं लिहितो, कुरणांवर कुणी लिहीत नाही.

नगर तालुक्यातल्या एका गावाबाहेर, चिंचेखाली, एक वीरगळ आहे. गावकरी त्याला शेंदूर लावतात. मी एकदा उन्हं कलती असताना तो हाताने चाचपून पाहिला, कारण शेंदराखाली चित्र डोळ्यांना नीट दिसत नाही, बोटांना कळतं. सगळ्यात खालच्या चौकटीत आडवा पडलेला वीर आणि त्याच्या पायाशी चार गाई. त्यावर लढाई. त्यावर त्याला वर नेणाऱ्या अप्सरा. सर्वांत वर शिवलिंग, चंद्र आणि सूर्य. अशा खालच्या चौकटीत गाई असल्या की तो माणूस गुरं पळवणाऱ्यांशी लढून पडलेला असतो. म्हणजे या माळावर माणसं राज्यासाठी मेली तशी चाऱ्यावरच्या जनावरांसाठीही मेली, आणि गावाने त्यांना दगडात कोरलं. ही या मुलखातली फार जुनी स्मारकं आहेत. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या १९८४ च्या ग्रंथात विठ्ठलाचं मूळ गवळी-धनगरांच्या दैवतात शोधलं. गुंथर सोंथायमर हे जर्मन अभ्यासक वर्षानुवर्षं धनगरांच्या वाड्यांबरोबर, म्हणजे फिरत्या बिऱ्हाडांबरोबर, हिंडले आणि बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा या देवांचं माळाशी असलेलं नातं त्यांनी मांडलं. पारनेरच्या कोरठण खंडोबाच्या यात्रेत भंडारा उधळताना पाहिला की मला सोंथायमर आठवतात. आपले मोठे देव आधी माळावरचे होते, नंतर पांढरीत आले.

धनगरांचं नाव निघालंच आहे, तर ही घोंगडी मी मुद्दाम बरोबर आणली आहे. पुढच्या रांगेतल्यांनी हात लावून पाहावी, मग मागे पाठवावी. हिला रंग दिलेला नाही. हा काळा रंग दख्खनी मेंढीचाच. कोकराची पहिल्यांदा कातरलेली लोकर म्हणजे जावळ. ती सगळ्यात मऊ. सणगराच्या, म्हणजे घोंगडी विणणाऱ्याच्या, घरी खड्ड्याचा माग असतो. ताणा लावला की त्यावर चिंचोक्यांची खळ चढवतात. चिंचोके भाजून, भिजवून, दळून शिजवलेली ती खळ कुंच्याने अशी फिरवतात की प्रत्येक धागा ताठ व्हावा आणि एकही धागा दुसऱ्याला चिकटू नये. वास नाकात बसतो. पावसात हिची खोळ करून डोक्यावर घेतली की पाणी बाहेरून निथळतं. ओली घोंगडी मेंढीसारखी वास मारते आणि मला तो वास प्रिय आहे. माझे आजोबा या घोंगडीवर गेले. म्हणजे त्यांना शेवटी गादीवरून उतरवून हिच्यावर घेतलं, कारण त्यांनी तसं सांगून ठेवलं होतं.

एका घोंगडीमागे किती माणसं उभी आहेत ते मोजा. मेंढपाळ, कातरणारा, सूत काढणाऱ्या बाया, सणगर, चिंचोके विकणारी, बाजार. आणि त्यांच्या मागे गवत. गवत गेलं की ही ओळ पहिल्या कडीपासून सुटते.

मग ‘पडीक’ हा शब्द आला कुठून? तो आपला नाही असं मी म्हणणार नाही. पड जमीन हा जुनाच शब्द, ती विसावा घेत असलेली जमीन असायची. पण कागदावर त्याला कायमचा अर्थ चिकटला तो एकोणिसाव्या शतकात. १८३० च्या दशकात आपल्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी जमीन मोजणीची नवी पद्धत बसवली आणि ती पुढे सगळ्या मुंबई इलाख्यात पसरली. मातीची खोली आणि रंग पाहून प्रतबंदी. उत्तम काळीला सोळा आणे, मग खाली उतरत उतरत बरडाला दोन-चार आणे. आकारणी न्याय्य व्हावी म्हणून केलेलं ते काम होतं आणि आधीच्या जुलमी वसुलीपेक्षा शेतकऱ्याला त्यातून दिलासा मिळाला, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. पण त्या मोजणीचा प्रश्न एकच होता: या जमिनीतून पीक किती निघेल? मेंढ्या किती चरतील, घोंगड्या किती निघतील, काळविटं किती राहतील, हे विचारायला त्या तक्त्यात रकाना नव्हता. ज्याला रकाना नाही ते शून्य धरलं गेलं. आजही सातबारा काढा, ‘पोटखराबा’ हा शब्द तिथे दिसेल.

दूरच्या प्रेअरीवरही हेच झालं. अमेरिकेत १८६२ च्या होमस्टेड कायद्याने वसाहतवाल्यांना प्रत्येकी १६० एकरांपर्यंत जमीन मिळू लागली. जमीन रिकामी आहे असं गृहीत धरलं होतं. प्रत्यक्षात तिथे गवे होते आणि गव्यांवर जगणारे मूळ रहिवासी होते. दोघांनाही हटवून गवत नांगरलं. दोन पिढ्यांत गहू पिकला, गावं उभी राहिली, लाकडी धान्यकोठारं उभी राहिली. मग १९३० च्या दशकात पाऊस हटला आणि मुळांनी धरून ठेवलेली माती उडायला लागली. १४ एप्रिल १९३५ या दिवशी भर दुपारी अंधार झाला. त्या दिवसाला ते लोक आजही ‘काळा रविवार’ म्हणतात. त्याच वर्षी तिथल्या सरकारने मृदसंधारणाचं स्वतंत्र खातं काढलं. आज प्रेअरीवरची छोटी गावं आपली जुनी लाकडी कोठारं वारसा म्हणून जपतात आणि उरलेल्या गवताच्या तुकड्यांना कुंपण घालून बी गोळा करतात. याच अमेरिकेतून नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली आलं. त्यांच्या शाळांनी इथल्या मुलींना शिकवलं, त्याचं ऋण मोठं आहे. त्याच देशात प्रेअरी नांगरली जात होती आणि इथे प्रतबंदी चालू होती, हे दोन्ही एका वेळचं आहे हे मला गुरुजींनी दाखवलं.

आपल्याकडे माती अजून अमेरिकेइतकी उडाली नाही, कारण माळ पूर्ण गेलेला नाही. १९७९ साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर झालं, ८,४९६ चौरस किलोमीटरांचं. त्यात गावं, शेतं, रस्ते सगळं आलं. लोकांना जमिनीचे साधे व्यवहार करणं अवघड झालं आणि पक्ष्याविषयी राग साठला. पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणलं, पण तोवर माळढोक जवळजवळ नाहीसा झाला होता. मोठं क्षेत्र कागदावर आखून भागत नाही, हे त्यातून दिसलं. उलट कर्जतजवळ रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य बघा. १९८० साली स्थापन झालं, क्षेत्र अवघं २.१७ चौरस किलोमीटर. तिथे काळविटं टिकली. सकाळी सहाला गेलात तर धुक्यातून नर उभा दिसतो, पिळदार शिंगं मागे टाकून. पण ती कुंपणात राहत नाहीत, ज्वारीत, हरभऱ्यात उतरतात. ज्या शेतकऱ्याचं पीक ती खातात त्याच्याशी बोलल्याशिवाय रेहेकुरीचं कौतुक करू नये.

आणखी एक चूक होत आली आहे आणि ती सद्‌भावनेने होते, म्हणून ती सांगायला अवघड जाते. माळ उघडा दिसला की आपल्याला तिथे झाडं लावावीशी वाटतात. गिरिपुष्प, सुबाभूळ लावून माळ हिरवा केला जातो, चर खणले जातात, फोटो निघतात. पण सावली पडली की पवन्या मरतो. माळावरचा चंडोल जमिनीवर घरटं करतो, धाविक उघड्यावर पळतो, त्यांना झाड नको असतं. लांडग्याला लांबवर दिसायला हवं असतं. माळ हे मेलेलं जंगल नाही. तो पहिल्यापासून माळच आहे. डोंगरउतारावर पाणी मुरवण्याच्या कामाचं मोल मला पूर्ण ठाऊक आहे. हिवरेबाजारने ते करून दाखवलं. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी केली, पाण्याचा ताळेबंद मांडला. पण तिथलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच: त्यांनी गवत वाढू दिलं आणि ते कापून नेण्याची शिस्त बसवली. गवत हे पीक आहे, हे त्या गावाला कळलं. माझी एकच शंका आहे आणि ती मी प्रेमाने मांडतो. चराईबंदी करणाऱ्या गावांनी वर्षातून दोन दिवस येणाऱ्या धनगराचा विचार कुठे केला? त्याची वाट कुठून जाणार?

२०१९ च्या दुष्काळात या जिल्ह्यात ठिकठिकाणी चारा छावण्या होत्या. मी एका छावणीत गेलो होतो. जनावरांपुढे उसाचे तुकडे पडले होते. ज्या मुलखाचं पीकच गवत, तिथल्या गाईला ट्रकमधून आणलेल्या उसावर जगावं लागलं. छावणीत बसलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याने मला समोरचा डोंगर दाखवला. मुरूम उचलून तो अर्धा झाला होता. “आमची गुरं तितं जायची,” एवढंच तो बोलला.

आता जिल्ह्याच्या नावाविषयी. ३१ मे १७२५ रोजी जामखेड तालुक्यातल्या चौंडीत, माणकोजी शिंदे यांच्या धनगर घरात अहिल्याबाईंचा जन्म झाला. त्यांचे सासरे मल्हारराव होळकर यांचं घराणंही मेंढपाळांचं. काशीपासून सोमनाथपर्यंत घाट, देवळं, विहिरी बांधणारी ही बाई माळावरच्या गावात वाढली. २०२४ साली जिल्ह्याला त्यांचं नाव मिळालं, त्याचा मला आनंद आहे. तो आनंद पुरा व्हायचा असेल तर त्या ज्या जमिनीवर खेळल्या त्या जमिनीच्या उताऱ्यावरही काहीतरी बदलायला हवं. माझी मागणी अगदी साधी आहे: प्रत्येक गावाने आपलं एक कुरण ठरवावं, त्याला कुरण म्हणावं, तिथे झाड लावू नये, मुरूम काढू नये, आणि मेंढ्यांच्या वाटेला वाट ठेवावी.

हे बोलायला सोपं आहे, म्हणून शेवटी सावेडीतलंच सांगतो.

माझ्या घरासमोर एक मोकळा प्लॉट होता. दर वर्षी दिवाळीनंतर पूर्वेकडून पश्चिमेला जाणारा धनगरांचा एक वाडा तिथे रात्र काढायचा. पाचसहा बिऱ्हाडं, तीन घोडी, घोड्यावर बांधलेल्या कोंबड्या, चारपाचशे मेंढ्या. वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून मेंढ्या आत घेतल्या की म्हातारी मावशी चूल पेटवायची. पूर्वी मेंढ्या शेतात बसवल्या की शेतकरी खताच्या बदल्यात ज्वारी द्यायचा. इथे शेत नाही, म्हणून आमच्या गल्लीतली माणसं भाकरीसाठी पीठ आणि म्हशीचं दूध द्यायची. मुलं कोकरांना हात लावायला धावायची. एकदा मी तिला विचारलं की वाटेत लांडगा त्रास देतो का. ती म्हणाली, “त्याचं त्यानं न्यायाचंच. माळ त्याचाबी हाय.”

गेल्या कार्तिकात वाडा आला तेव्हा प्लॉटला तारेचं कुंपण झालं होतं. मालकाचा हक्क आहे, त्याला मी दोष देत नाही. मावशी तारेपाशी उभी राहिली. बोटाने कोपऱ्यातली ठोंबं दाखवत नातवाला म्हणाली, “ते मारवेल. त्याच्या शेजारी पवन्या. पावसात ये, तुला वळखू ईल.” मग घोडी वळवून ते बायपासकडे गेले आणि त्या रात्री रस्त्याच्या कडेला, ट्रकच्या उजेडात उतरले.

आमच्या कॉलनीचं मैदान आहे. या वर्षी दिवाळीनंतरच्या दोन रात्री ते वाड्यासाठी मोकळं ठेवावं, असा अर्ज मी कॉलनीच्या मंडळाला दिला आहे. आज सभागृहात मंडळाची चार-पाच माणसं बसलेली मला दिसत आहेत. त्या दोन रात्री येताना पीठ आणा, आणि मुलांना आणा. मावशी मारवेल दाखवेल.